कोपरापर्यंत पाणी

त्या हंगामातला अकरावा मुलगा काम सोडून गेला, तेव्हा वैजयंती मगदूमच्या टेबलावर त्याचा एका ओळीचा राजीनामा पडला होता: "मला गूळ शिकायचा आहे, शिव्या नाहीत."

वैजयंतीने तो दोनदा वाचला. भोगावतीच्या काठावरच्या 'पंचधारा गूळ उद्योगा'त ती उत्पादन व्यवस्थापक होती. हाताखाली अडतीस माणसं. त्यातली निम्मी पंचावन्नच्या पुढची आणि निम्मी पंचविशीच्या आतली. मधल्या वयाचं तिच्याशिवाय कोणीच नव्हतं. तिच्या पिढीची माणसं केव्हाच पुण्या-बंगळुरूला निघून गेली होती. त्यामुळे एका बाजूचं दुसऱ्या बाजूला कळवण्याचं काम शेचाळिसाव्या वर्षी तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं.

ती कागद घेऊन शेडमध्ये गेली. सहा काहिली ओळीने उकळत होत्या. काहील म्हणजे रस आटवण्याची प्रचंड लोखंडी कढई. शेवटच्या काहिलीजवळ अण्णा उभे होते.

"अण्णा, काय बोललात त्या पोराला?"

"काय बोलतोय? हात हाय का खुरपं, एवढंच इचारलं."

"तो गेला सोडून."

"एवढ्यावर?" अण्णांना खरोखरच नवल वाटलं. "माझ्या वस्तादानं मला चुलवाणातल्या लाकडानं हाणलं हुतं. मी तर नुसतं इचारलं."

शेजारच्या काहिलीवरची मळी काढत असलेली मायरा शिकलगार मान वर न करता म्हणाली, "परवा तुम्ही मला म्हैस म्हणालात, अण्णा. मी नाही गेले."

"म्हस लई गुणी असती, बाई. मी तुझं कौतिक केलं."

शेडमधले म्हातारे हसले, तरुण हसले नाहीत. वैजयंतीला अर्धं हसू आलं, अर्धं गिळावं लागलं.

बाळगोंडा चौगुले, म्हणजे अण्णा, सदुसष्ट वर्षांचे गुळव्या होते. रस उकळून पाक झाला की तो नेमका कोणत्या क्षणी काहिलीतून उतरवायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. एक मिनिट आधी उतरवला तर ढेप मऊ पडते आणि महिन्याभरात पाझरू लागते. एक मिनिट उशीर झाला तर करपट वास येतो. मग तापमापक लावून का भागत नाही? कारण ऊस सगळीकडे सारखा नसतो. खारवट जमिनीतला, लवकर तोडलेला, चार दिवस वाटेत वाळलेला, प्रत्येकाच्या रसात क्षार वेगळे, साखरेचे प्रकार वेगळे. एकाच तापमानाला एकाचा गूळ होतो आणि दुसऱ्याची काकवीच राहते. कारखान्याने चार तऱ्हेची यंत्रं लावून पाहिली होती. ती दहातल्या सात वेळा बरोबर येत. अण्णा दहातल्या दहा वेळा बरोबर येत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. शेजारच्या बादलीतल्या गार पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवायचा आणि तसाच थोडा वेळ ठेवायचा. मग ओल्या बोटांनी उकळत्या पाकाचा थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात न्यायचा आणि अंगठा व दोन बोटांमध्ये फिरवून त्याची गोळी करायची. गोळी फिरता फिरता हातालाच काहीतरी कळे, आणि ते म्हणत, "उतरवा."

"पण नेमकं काय कळतं, अण्णा?" मायरा विचारायची. "कारण सांगा ना. मी पाठ करते."

"पाक सांगतो."

"मला नाही सांगत."

"तू बोलतीस किती! त्यो कवा सांगंल?"

वैजयंतीला ही दोन्ही माणसं कळत होती. बाविसाव्या वर्षी कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती याच काहिलीजवळ अण्णांच्या हाताखाली उभी राहिली होती. दोन हंगाम त्यांनी तिला रोज झापलं. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीला तिची तीन बोटं भाजली, आणि तरी पाकाने तिला काही सांगितलं नाही. ती कचेरीत गेली, पुढे व्यवस्थापक झाली. त्या दिवसापासून अण्णा तिच्यावर एकदाही ओरडले नव्हते. तेच तिला भाजण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

*

ठसा आला तो त्याच हंगामात.

ठसा म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची एक पातळ, राखाडी बाही. ती बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, निषाद नावाचा चष्मेवाला तरुण, सगळ्यांना समजावून सांगायला आला होता. समजावण्याची त्याला हौस होती.

"तुम्ही सायकल शिकलात तो दिवस आठवा," तो म्हणाला. "कोणी तुम्हाला सांगितलं का, की डावीकडे इतके अंश झुकलात तर हँडल इतके अंश वळवा? सांगून येत नाही ते. पडत-झडत शरीर शिकतं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो असल्या हालचाली साठवतो. एकदा साठवल्या की जन्मभर विसरत नाही."

मग त्याने बाही दाखवली. मेंदूने हाताला दिलेला प्रत्येक हुकूम विजेच्या बारीक लहरीच्या रूपाने स्नायूंपर्यंत जातो. बाही त्या लहरी टिपते. बोटांच्या टोकांना कसला स्पर्श झाला आणि त्यावर हाताने काय उत्तर दिलं, ते दोन्ही जोडून ठेवते. पुढे शिकणाऱ्याने तशीच बाही घातली की यंत्र उलटं चालतं. त्याच लहरी हलक्या विजेने त्याच्या स्नायूंना दिल्या जातात, आणि त्याचा हात गुरूच्या हातासारखा हलतो. शंभरदा, हजारदा. चाळीस तासांत लहान मेंदू समजतो की ही आपलीच सवय आहे.

"म्हणजे अण्णांना काही बोलावं लागणार नाही?" मायराने विचारलं.

"एक शब्दही नाही."

"आणि आम्हाला ऐकावं लागणार नाही?"

"नाही."

सगळे तरुण टाळ्या वाजवून हसले. अण्णाही हसले, पण जरा उशिरा.

ते सहजी तयार झाले नाहीत. वैजयंती त्यांच्या घरी गेली. "अण्णा, तुमच्यानंतर हे कोणाकडे राहणार? पोरं ऐकत नाहीत, तुम्ही शिव्या थांबवत नाही. मी दोन्हीकडून हरले. हे एवढं माझ्यासाठी करा."

अण्णांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "तुझ्यासाठी करतो," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी बाही चढवून ते काहिलीपुढे उभे राहिले आणि सवयीने हात बादलीत घालणार, तोच निषाद ओरडला, "नको, नको! बाही भिजता कामा नये. लहरी बिघडतात."

अण्णा थांबले. "पाण्याबिगर कसं?"

"नुसती बोटं बुडवा. भाजू नये म्हणून तेवढी पुरतात."

अण्णांनी वैजयंतीकडे पाहिलं. "वैजू, मला कोपरापर्यंत लागतं."

"अण्णा, बाकीचे गुळवे नुसती बोटंच बुडवतात की."

"त्यांचं त्यांच्यापाशी. मला लागतं."

बाहेर उसाच्या गाड्या उभ्या होत्या, निषादकडे महिन्याचीच मुदत होती, आणि म्हाताऱ्या माणसांच्या सवयी कशा सोडवायच्या याचं प्रशिक्षण वैजयंतीने नुकतंच घेतलं होतं. ती गोड आवाजात म्हणाली, "एक महिना फक्त. माझं ऐका."

अण्णांचे ओठ हलले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मग त्यांनी नुसती बोटं बुडवली.

*

ठसा उमटला, आणि चांगला उमटला.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा सहा काहिलींवर सहा तरुण उभे होते, आणि सहाही जण दहातल्या नऊ वेळा बरोबर येत होते. मायरा दहातल्या दहा. गोळी तिच्या बोटांत फिरू लागली की तिचा चेहरा एकाग्र होई, आणि ती म्हणे, "उतरवा." एकदा तिच्या तोंडून "पाक सांगतो" असंही निघून गेलं, आणि ती स्वतःच चपापली.

शेडमध्ये कोणी कोणावर ओरडेनासं झालं. राजीनामे थांबले. अण्णांना दाराजवळ एक खुर्ची मिळाली. ते येत, बसत, चहा घेत. त्यांना कोणी काही विचारत नसे, कारण त्यांच्याकडे होतं ते सगळं आता समोर उभं राहून काम करत होतं. संचालक इंगवले यांनी पुण्याहून वैजयंतीला शाबासकी दिली आणि अण्णांचा ठसा आणखी अठरा कारखान्यांना दिला. अडीचशे तरुण हात एका म्हाताऱ्याच्या हातासारखे हलू लागले.

वैजयंतीने एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. उन्हाळ्यात, कारखाना बंद असताना, दर रविवारी कचेरीत बसून तिनेही बाही घातली होती. पुरते चाळीस तास. हंगामाच्या पहिल्याच दिवशी शेडमध्ये कोणी नसताना तिने पाकाचा थेंब उचलला, गोळी फिरवली, आणि चोवीस वर्षांनी पाक तिच्याशी बोलला. ती तिथेच उभी राहून रडली होती.

*

हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात मायरा कचेरीत आली आणि तिने टेबलावर फोन ठेवला. पडद्यावर मेंदीच्या हाताचा फोटो होता.

मायराची मेंदी पंचक्रोशीत ठाऊक होती. लग्नसराईत नवऱ्या मुली तिच्यासाठी तारखा मागेपुढे करत. केसाएवढी बारीक रेघ हे तिचं वैशिष्ट्य. फोटोतल्या तळव्यावरची प्रत्येक रेघ करवतीच्या दातांसारखी होती.

"माझ्या मामेबहिणीचा हात आहे हा," मायरा म्हणाली. "ती काही बोलली नाही. हात पदराखाली लपवून बसली लग्नात. मॅडम, हे बघा." तिने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या. पेला ठेवला की हात शांत, उचलला की थरथर.

"इतरांचं?"

"पहिल्या काहिलीवरच्या विहानचा चमचा सांडतो. बाकीचे बोलत नाहीत, पण शर्टाची बटणं कोणी लावत नाही. सगळे टी-शर्ट घालून येतात. बघितलं नाहीत तुम्ही?"

वैजयंतीने बघितलं होतं. तरुणांची फॅशन, असं समजून सोडून दिलं होतं.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सहाही जणांना तपासलं. नसा धडधाकट होत्या. "हा कंप म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा दिसतो," त्या म्हणाल्या. "जिवाला धोका नसतो, पण हात कामाला लागला की थरथरतो. लहान मेंदूतला एक ताल बिघडतो, एवढंच. बाविशीच्या सहा जणांना एकदम मी कधी पाहिला नाही. कुठून आला हा?"

निषादला ते माहीत होतं. त्याने संगणकावर अण्णांच्या हाताची लहर उघडली. मोठ्या लाटेवर बारीक दात होते, सेकंदाला साडेसात.

"पहिल्या दिवसापासून आहे," तो हळू म्हणाला. त्याची समजावण्याची हौस कुठे गेली होती कोण जाणे. "अहवालात लिहिलं होतं. 'वयोमानानुसार किंचित कंप, दुर्लक्ष करण्याजोगा.' खाली तुमची सही आहे, मॅडम. माझीही आहे."

"मग तो गाळून टाका."

"गाळून बघितला. पण गोळी फिरवताना त्यांची बोटंही सेकंदाला सात-आठ वेळाच हलतात. दोन्ही एकाच तालावर आहेत. कंप गाळला की गोळीची जाणही जाते."

"आणि मुलांच्या हातातला? तो पुसता येत नाही?"

निषादने चष्मा काढला. "सायकल विसरून दाखवा, मॅडम."

*

इंगवल्यांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज खरोखर ओढलेला होता.

"ठसा थांबवलाय आपण, अठराही ठिकाणी. आता पुढचं. दोन पत्रं पाठवतोय. एक मुलांना, की त्यांना प्रशिक्षणाची जोखीम समजावून दिली होती. एक चौगुल्यांना. त्यांनी प्रकृतीची माहिती लपवली, म्हणून आजपासून त्यांनी येऊ नये."

"सर, त्यांना ठाऊक होतं की नाही, हेच आपल्याला माहीत नाही."

"नसेल तर वकील बघतील. मगदूमबाई, तुमचं सगळ्यांशी जमतं. तुमच्या हातून पत्रं गेली तर कोणी फार दुखावणार नाही."

"मी नाही दिली तर?"

"तर उद्या दुसरं कोणी देईल," इंगवले म्हणाले. धमकी नव्हती ती.

पत्रं छापून घेऊन ती शेडकडे निघाली. वाटेत तिने बोलायची वाक्यं जुळवली. मुलांसाठी वेगळी, अण्णांसाठी वेगळी. ती तिला नेहमी जुळवता येत. आज एकही पुरं होईना.

शेडमध्ये चहाची वेळ होती. मायराने स्टीलचा पेला उचलला होता आणि चहा तिच्या मनगटावरून ओघळत होता. अण्णा खुर्चीतून उठून तिच्यासमोर उभे होते.

"हे माझं हाय," अण्णा म्हणाले.

त्यांनी मायराच्या हलत्या पेल्याकडे बोट दाखवलं.

"चार वर्सं झाली. आधी पेला हलायचा, मग सही. गार पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवला की घटकाभर थांबतं. तेवढ्यात गोळी हुती." ते वैजयंतीकडे वळले. "म्हणून पाणी मागत हुतो, वैजू."

"अण्णा, मीच म्हणाले नको." वैजयंती म्हणाली. "तुम्ही एक शब्द बोलायचा होता."

"काय बोलू? थरथरणाऱ्या हाताच्या गुळव्याला काहिलीपाशी कोण हुबं करतं? आणि मला वाटलं, यंत्र हाय, विद्या तेवढी घेईल. माझ्या वस्तादाला दमा हुता. मला त्यानं गूळ दिला, दमा न्हाई दिला."

मायराने पेला आपटून ठेवला. "मला तुमचा गूळ नको होता, अण्णा! म्हणजे हवा होता, पण हात देऊन नको होता. माझी रेघ परत द्या मला. देता येते?"

"न्हाई."

"मग काय देता येतं तुम्हाला?"

अण्णा काहिलीपाशी गेले. मग त्यांनी बादली ओढून तिच्यापुढे आणली. "बाही वर कर. कोपरापर्यंत घाल. शंभर मोज."

तिने रागाने हात घातला. रागाने मोजले. हात बाहेर काढून पेला उचलला. चहा हलला नाही.

"किती वेळ राहतं?" तिने विचारलं.

"पाव तास. थंडीच्या दिवसात जरा जास्त."

"पाव तासात मेंदी होत नाही."

"न्हाई हुत," अण्णा म्हणाले. "पर पेला अर्धाच भरावा. कोपर बरगडीला टेकवून उचलावा. बटण लावताना आरशात बघायचं न्हाई, बघितलं की वाढतंय. सही करताना मनगट टेबलाला दाबून धर. विहान, तू काय लांब हुबा? हिकडं ये. चमचा दाखव कसा धरतोस. आरं, असा? हात हाय का खुरपं?"

विहान आला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. कोणी राजीनाम्याचं बोललं नाही. दोन हंगाम अण्णांचं ऐकायला जी पोरं तयार नव्हती, ती त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली आणि चमचा कसा धरायचा ते शिकू लागली. मायराचे डोळे वाहत होते, तरी ती मान हलवून ऐकत होती.

वैजयंती दाराशीच थांबली होती. पत्रं तिने दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरली होती. आत जाऊन ती द्यायची होती. न दिली तरी काही बदलणार नव्हतं. दुसरीकडे कुठेतरी, अठरा शेडमध्ये, अडीचशे पेले याच वेळी हलत असतील, आणि तिथे बादली ओढून देणारे अण्णा नव्हते.

अण्णांचं लक्ष तिच्याकडे गेलं. ते तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते.

"वैजू," ते सावकाश म्हणाले, "कागुद एका हातात धर बघू."

तिने धरला नाही. मग त्यांची नजर टाळता येईना, म्हणून डावा हात सोडला. उजव्या हातातले कागद हवेत फडफडू लागले. बारीक, एकसारखा आवाज. शेडमध्ये अजिबात वारं नव्हतं.

सगळ्या पोरांनी मागे वळून पाहिलं.

"तू बी?" अण्णा म्हणाले. ते क्षणभर भिंतीला टेकले. मग सरळ झाले. इतकी वर्षं तिच्यापुढे आवरून धरलेला तो आवाज एकदम शेडभर घुमला.

"मग दारात काय हुबी ऱ्हायलीस म्हशीसारखी? ठेव ती कागदं खाली. कोपरापर्यंत घाल म्हणतोय न्हवं!"

वैजयंतीने पत्रं ओल्या जमिनीवर ठेवली, बाही वर सारली, आणि विहानच्या मागे रांगेत उभी राहिली.